डबल ओझोन

पेला ओठांपाशी आला, वास नाकात शिरला, आणि कमलाकांतांच्या तोंडून वाक्य निसटलं, “आम्ही मुलीच्या घरचं पाणी पीत नाही.” निसटलं ते निसटलंच. जन्मभर अमरावतीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या, स्वतःच्या लग्नात भटजींना सप्तपदीचा अर्थ विचारून घाम फोडलेल्या, गणपतीत आरतीच्या वेळी नेमकं भाजी आणायला जाणाऱ्या माणसाचं हे वाक्य. हॉलमध्ये बायकांचा गलका होता, खिडकीत कूलर घरघरत होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. नको ती वाक्यंच अशी खणखणीत ऐकू जातात. ट्रे घेऊन समोर उभ्या असलेल्या सत्यभामाबाई, त्यांच्या विहीणबाई, क्षणभर तशाच थिजल्या. कमलाकांतांना वाटलं, झालं, आता व्याह्यांची भांडणं. पण विहीणबाईंचे डोळे भरून आले होते.

“सर, तुमी हे पाळता? अन् लोक मले सांगत होते, पोरीचा बाप नास्तिक आहे म्हणून.”

“पाळतो,” कमलाकांत म्हणाले.

“पण मांगच्या दिवाळीले तर चहा घेतला होता तुमी.”

“चहा घेतला. पाणी नाही.”

चहात पाणी असतं ही गोष्ट कमलाकांतांनी आठवीच्या पोरांनाही फळ्यावर सिद्ध करून दाखवली असती. पण सत्यभामाबाईंना हा भेद इतका पटला की त्यांनी ट्रे तिथंच टेबलावर ठेवला आणि जमलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं जाहीर केलं, “नातवंड झालं की पयला पेला माझ्या हातचा. तवापर्यंत सरांले कोणी आग्रह करायचा नाही.” बायकांनी कौतुकानं मान डोलावली. रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ठाऊक होता, आणि बहुतेकांनी सोडूनही दिला होता. सोडलेली गोष्ट दुसरा पाळताना दिसला की माणसाला फार बरं वाटतं. समोर बांगड्या भरून घेत बसलेल्या ताराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता, राग नव्हता, फक्त नोंद होती. मग त्यांनी कासाराकडे हात पुढे केला आणि म्हणाल्या, “जरा सैल भरा हो. आमच्या घरी सगळं आता आवळून यायला लागलंय.”

अकोल्यात मे महिन्यात तहान लागते असं म्हणणं म्हणजे आगीत भाजतं असं म्हणणं. अमरावतीहून निघताना पिशवीत घेतलेली बाटली मूर्तिजापूरच्या अलीकडेच संपली होती. जीभ टाळूला चिकटत होती, आणि समोर टेबलावर पाच-सहा पेले घाम गाळत उभे होते. जुईलीचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सातव्या महिन्याचं डोहाळजेवण होतं. तिचा नवरा केदार याचा पाण्याचा प्लांट घराला लागूनच. अकोट रोडला, वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथं. पाहुणे जमणारच आहेत तर दुसऱ्या मशीनचं उद्घाटनही आजच उरकू, असा केदारचा हिशेब. एका मांडवात दोन ओट्या. कमलाकांत त्या पेल्यांकडे पाहत बसले. वास अजून नाकात होता. तीक्ष्ण, कोरडा, थोडा निळसर, वासाला रंग असता तर. शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात हाच वास यायचा. चाचणी परीक्षेचे पेपर काढायला ते स्वतः जात, शिपायावर विश्वास नव्हता. मशीनच्या फटीतून हिरवा उजेड जायचा-यायचा आणि गरम कागदाबरोबर तो वास. पोरं विचारत, सर, कशाचा वास येते हा, आणि ते सांगत, ओझोन, बाळांनो, आकाशात असतो तोच. पोरांना वाटायचं, सरांना आकाशातलं सगळं कळतं. तेव्हा कमलाकांतांनाही तसंच वाटायचं.

धामणगावचे आप्पा आठवले. ताराचे वडील, पूजाअर्चा सांगणारे, रेल्वेच्या दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांकडे लक्ष्मीपूजनाला जाणारे. नव्या संसारात ते लेकीला भेटायला पॅसेंजरनं आले ते फिरकीचा तांब्या घेऊनच. असाच उन्हाळा होता. आले, पंख्याखाली बसले, स्वतःच्या तांब्यातलं कोमट पाणी प्यायले आणि फिरकी घट्ट लावली. तरुण कमलाकांतांना ती फिरकी सहन झाली नाही. त्यांनी सासऱ्यांना तासभर शिकवलं. पाणी म्हणजे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, आप्पा. त्याला मुलीचं घर कळत नाही, जावयाचं कळत नाही. आप्पा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, द्या. आणि प्यायले. डोळे मिटून, औषध घ्यावं तसे, एका दमात प्यायले, पेला खाली ठेवला आणि उपरण्यानं तोंड पुसलं. कमलाकांत त्या दिवशी विजयी होते. रात्री तारा म्हणाली होती, “त्यांना नव्हतं प्यायचं. तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून प्यायले.” आप्पांना त्या पाण्याचं काय झालं, त्यांनी घरी जाऊन काही प्रायश्चित्त घेतलं का, हे विचारायचं राहून गेलं. आज ते असते तर हसले असते का? हसले नसते. त्यांनी फिरकीचा तांब्या पुढे केला असता, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

रागिणीचा फोन येऊन आता बरेच दिवस झाले होते. रागिणी त्यांची विद्यार्थिनी, जुईलीच्याच वर्गातली, आता पुण्याला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. दिवाळीनंतर केदारनं प्लांट दाखवला, तेव्हा कमलाकांतांनी सहज म्हणून एक बाटली भरून आणली होती. सहज नव्हतं. केदारच्या बोअरचं पाणी खारं, हा सगळा पट्टाच खारपाणाचा, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीच्या पोटात मीठ. आणि खाऱ्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, ब्रोमाइडही असतं. अशा पाण्यात ओझोन सोडला की ब्रोमाइडचं ब्रोमेट होतं. हे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, अभ्यासक्रमात नव्हतं, निवृत्तीनंतर रिकामपणी वाचलं होतं. रागिणी फोनवर म्हणाली होती, “सर, हे पाणी कुठलं आहे? मर्यादेच्या कितीतरी पट निघालं ब्रोमेट. रोज पिऊ नका.” मग म्हणाली, उकळूनही जात नाही. त्यांनी विचारलं, नक्की काय होतं? ती म्हणाली, उंदरांच्या किडन्यांत गाठी झाल्यात, माणसांचं खात्रीनं सांगता येत नाही, वर्षानुवर्षं प्यायलं तर धोका. कमलाकांतांनी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि त्यांच्या मनात आलेला पहिला विचार त्यांना अजून टोचत होता. उंदरांवर प्रयोग झालेले आहेत, माणसांवर व्हायचेत, आणि ते अकोट रोडला सुरू झालेत. असा विनोद त्यांना सुचला होता. सुचला आणि आवडला होता. मग त्यांना लेकीचं पोट आठवलं होतं. उद्या कोणी मरणार नव्हतं. हेच तर भयंकर होतं. विंचू चावला तर माणूस ओरडतो तरी. इथं पंधरा-वीस वर्षांनी कोणाची तरी किडनी जाईल आणि लोक म्हणतील, खारपाणपट्टा आहे, चालायचंच.

“बाबा, चला नं, मशीन दाखवून देतो,” केदार आला. इस्त्रीचा कुर्ता, कपाळावर कुंकवाचा टिळा, खिशाला पेनासारखं टीडीएस मीटर. डॉक्टरच्या गळ्यात नळी असते तसं हे त्याच्या खिशाला कायम. “आईनं सांगितलं मला. तुमी पाणी नाही घेतलं म्हणून. मला तर भारी वाटलं, बाबा. आजकाल कोण पाळतं?” कमलाकांत उठले. शेडमध्ये समोरच केदारच्या वडिलांचा फोटो, ताजा हार. केदारचे वडील जन्मभर गावच्या विहिरीचं खारट पाणी पीत आले आणि शेवटी डायलिसिसच्या खुर्चीवर गेले. म्हणून केदारनं नोकरी सोडून हा प्लांट टाकला होता. फोटोखाली त्यानं स्वतः रंगवलेली पाटी होती, ‘गावानं गोड पाणी प्यावं’. कमलाकांतांना जावई पहिल्यापासून आवडला होता तो याचसाठी, आणि आज त्याचाच त्यांना राग येत होता. लबाड असता तर किती सोपं झालं असतं.

“हे पाहा, आधी सगळं आरओतून काढत होतो. पण या पाण्यानं मेम्ब्रेन किती टिकते? चोक होऊन जाते. आता अर्धं आरओचं, अर्धं बोअरचं फिल्टर करून, मिक्स. चवही येते. नुसतं आरओचं पाणी म्हणजे कसं, बेवारशी लागते. अन् जंतूंसाठी ओझोन.” त्यानं काचेच्या नळीकडे बोट दाखवलं, आत बुडबुड्यांची रांग वर चालली होती, शाळेच्या पोरांसारखी, शिस्तीत. “गिऱ्हाइकांसाठी सिंगल टाइम. घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी डबल. जुईलीचे दिवस राहिले तेव्हापासून घरच्या जारला मी स्वतः उभा राहून डबल ओझोन देऊन राहिलो. मशीनवर सोडत नाही.”

“डबल,” कमलाकांत म्हणाले.

“रिस्क काहून घ्यायची, बाबा? पहिलटकरीण आहे.”

शेडच्या मागच्या दारात गंगूबाई रिकामे जार पालथे घालून घासत बसली होती. मनगटाला काचेच्या दोनच बांगड्या, कोपरापर्यंत साबण. केदारनं जाता जाता तिला म्हटलं, “गंगूबाई, संध्याकाळी साडी नेसून या, पाहुण्यांत बसायचं आहे.” ती हसून म्हणाली, “साडीच त नेसली हो भाऊ, दिसत नाही काय?” कमलाकांतांच्या ओठांवर आता पापुद्रे धरले होते. बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, सोपं होतं, शिक्षकी होतं: केदार, पाणी खारं आहे तोवर ओझोन बंद ठेव, किंवा सगळं पाणी आरओतून काढ, आणि एकदा ब्रोमेट तपासून घे. त्यांनी घसा खाकरला. “केदार, ते आरओचं...” केदारनं लगेच खिशातलं मीटर काढून नळाखाली धरलं आणि आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर नाचवला. आकडा सुरेख होता. त्या मीटरला विरघळलेलं मीठ मोजता येतं, एवढंच. घरातल्या म्हाताऱ्यासारखं, येणारे-जाणारे मोजतं, कोण कशाला आलंय ते कळत नाही. “छान आहे,” कमलाकांत म्हणाले. केदारचा चेहरा उजळला. बापाची शाबासकीची थाप पाठीवर पडावी तसा. कमलाकांतांना वाटलं, आपण काही बोललो नाही असं नाही. आपण बोललो. छान आहे म्हणालो.

जेवणाच्या पंगतीत त्यांनी कोशिंबिरीतल्या काकड्या वेचून खाल्ल्या, ताकाला नको म्हटलं, कढीला नको म्हटलं. रिवाज वाढत चालला होता. सकाळी पाण्यापुरता होता, दुपारी त्यात ताक आलं, कढी आली, वरणही येऊ घातलं होतं. शेजारी बसलेल्या कुणा नातेवाइकानं आदरानं विचारलं, “सर, भातात बी पानी असते, तो चालते काय?” कमलाकांत गंभीरपणे म्हणाले, “शिजलेलं चालतं.” त्यांना कळत नव्हतं की आपण कुणाची थट्टा करतोय. डोळ्यांपुढे बारीक ठिपके यायला लागले, आणि त्या ठिपक्यांतून एक न जन्मलेलं मूल दिसत होतं, पाण्यात पोहणारं, डोळे मिटलेलं, आप्पांसारखं.

दुपारी बायका ओटीच्या गाण्यांना लागल्या तेव्हा जुईलीनं त्यांना आत बोलावलं. स्वयंपाकघराच्या मागे कोठीची खोली होती. फुलांच्या वाडीतून उठून आल्यासारखी ती समोर उभी, केसांत गजरा, दंडाला गजरा, आणि चेहरा मात्र परीक्षेच्या हॉलमधला. तिनं तांदळाच्या डब्यामागून झाकलेलं स्टीलचं पातेलं काढलं आणि पेला भरून बापापुढे धरला.

“घ्या. नळाचं आहे. धरणाचं पाणी. उकळून गार केलेलं.”

कमलाकांतांनी पेला तोंडाला लावला. प्यायले. दुसरा प्यायले. तिसऱ्याला पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. मग त्यांना कळलं की आपल्या लेकीनं काय म्हटलं.

“तुला माहीत आहे?”

“तुम्ही दिवाळीनंतर बाटली भरून नेली तेव्हाच समजलं. तुम्ही माझ्या घरून कधी लोणचंसुद्धा नेलं नाही, बाबा. मग मी रागिणीला फोन केला.” ती भिंतीला टेकली. “तेव्हापासून मी हेच पिते. घरच्या माठात पण हेच भरते, त्याचा डबल ओझोनचा जार मोरीत ओतून. केदार जेवताना पितो अन् म्हणतो, पाहा, चव कशी आहे.”

इतक्या दिवसांची गाठ सुटली आणि कमलाकांत हलके झाले. पोर वाचलं होतं. लेक हुशार निघाली होती. बाकी सगळं, बाहेरचा गलका, अकोट रोड, खारपाण, एकदम लांब गेलं, दुसऱ्या जिल्ह्यातलं झालं. आणि या हलकेपणाचीच त्यांना मग शिसारी आली; पण ती जरा उशिरा आली, आणि आली तेव्हाही हलकेपणा गेला नाही.

“केदारला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही सांगितलं?”

जुईली पोटावर हात फिरवत म्हणाली, “सांगितलं तर तो प्लांट बंद करेल, बाबा. आजच्या आज करेल. भांडणार नाही, लपवणार नाही, लोकांकडे जाऊन माफी मागेल. तो तसाच आहे. म्हणून तर सांगता येत नाही.” मग म्हणाली, “बाळंतपण होऊ द्या. मग पाहू.”

“आणि तो प्लांटवर दिवसभर पितो ते?”

तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, ते तांदळाच्या डब्यामागे सरकवलं आणि म्हणाली, “तुमचंच शिकले मी. वाद नको तिथं वाक्य बदलायचं. सकाळचं फार छान होतं. आम्ही मुलीच्या घरचं पाणी पीत नाही.” ती हसली. ताराबाई हसतात तशी, ओठ न उघडता. कमलाकांतांना वाटलं, हिला रागवावं, आणि लक्षात आलं की त्यासाठी लागणारा एकही शब्द आपल्याजवळ शिल्लक नाही.

ऊन उतरल्यावर शेडसमोर खुर्च्या मांडल्या गेल्या. फीत कापली, नारळ फुटला, नवी मशीन गुणगुणायला लागली आणि तो वास पुन्हा सगळीकडे पसरला. बायका म्हणाल्या, कसा स्वच्छ वास येते. केदारनं माइक हातात घेतला. “आमच्या घरचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक,” असं तो म्हणाला, शिक्षकाला बढती देऊन, “माझे सासरे ओझोनबद्दल दोन शब्द सांगतील.” कमलाकांत उठले. जाताना त्यांना स्पष्ट वाटत होतं की आता सांगायचं. पाणी प्यायलेलं होतं, घसा मोकळा होता, लेक सुरक्षित होती. गमवायला काही नव्हतं असं म्हणता आलं असतं. पण सुरक्षित झालेल्या माणसाला गमवायला सगळंच असतं. पहिल्या रांगेत सत्यभामाबाई होत्या, शेजारी जुईली, तिच्या हातांत हिरवा चुडा. ताराबाई मागे, खांबाला टेकून.

“ओझोन म्हणजे ऑक्सिजनच,” कमलाकांतांनी सुरुवात केली. “दोघांच्या घरात तिसरा येऊन राहतो, इतकाच फरक.” लोक हसले. हसल्यावर आवाज आपोआप वर चढला, जुन्या सवयीनं. पटकी, कावीळ, हगवण यांच्या जंतूंना तो कसा मारतो ते त्यांनी सांगितलं; क्लोरीनसारखा वास-चव मागे ठेवत नाही हे सांगितलं; काम झालं की थोड्या वेळात निघून जातो, जाताना ऑक्सिजन ठेवून जातो, असा पाहुणा विरळा, असंही म्हणाले. पुन्हा हशा. मोठ्या शहरांत पाणी असंच शुद्ध करतात, तेही सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी आयुष्यात इतका बिनचूक तास घेतला नसेल. एक वाक्य तेवढं राहिलं होतं, खाऱ्या पाण्याचं, ते जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं, आणि त्याच वेळी जुईलीनं मान खाली घातली. कमलाकांत म्हणाले, “धन्यवाद.” टाळ्या पडल्या. केदार वाकून त्यांच्या पाया पडला.

ते बाजूला झाले तशी गंगूबाई पदर सावरत पुढे आली. साडी तीच, पण केसांना पाणी लावून चापूनचोपून बसवलेले. तिनंही त्यांच्या पायांना हात लावला.

“सरजी, बरं सांगतलं तुमी. भाऊ मले रोज दोन कॅन फुकट देते, त मी ते शेजारीपाजारी वाटून टाकत होती. माह्या मनात भेव. म्हटलं हे विजेचं पानी, मशीनीत ठिणग्या उडते, लहान्या लेकराले सोसते का नाही सोसत. नातवाले मी नळाचंच उकळून पाजत होती. आता तुमी एवढ्या शिकेल मानसानं सांगतलं त काही भेव नाही राहिलं. आजपासून हेच पाजतो त्याले.”

“घरच्यातला जार न्या, गंगूबाई,” केदार मागून म्हणाला. “डबलवाला.”

कमलाकांतांनी तोंड उघडलं. सत्यभामाबाई बघत होत्या, केदार बघत होता, आणि पलीकडून जुईली, पोटावर हात ठेवून. उघडलेल्या तोंडातून काहीतरी यायला हवं होतं.

“किती वर्षांचा आहे नातू?” त्यांनी विचारलं.

“वर्साचा कायचा जी,” गंगूबाई म्हणाली. “आत्ता कुठं बसाले लागला.”

“अरे वा,” कमलाकांत म्हणाले.